बारा दिवस थांबायचं कशासाठी?

*ताई, मी २९ वर्षांची. म्हापशाला राहते, एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. मिस्टर बोटीवर असतात, १ ऑगस्टला सुट्टीवर घरी आले. माझी शेवटची पाळी १० जुलैची. मला पाळी नेहमीच उशिरा येते, ३८-४० दिवसांनी. १५ ऑगस्टला घरी टेस्ट केली ती निगेटिव्ह, २३ तारखेला परत केली तर दोन रेषा. ३१ ऑगस्टला सोनोग्राफी झाली, आधी पोटावरून, मग आतून. तारखेप्रमाणे ७ आठवडे ३ दिवस व्हायला हवेत, पण १२ मिलिमीटरची सॅक (गर्भाची पिशवी) आणि त्यात योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी लहान पिशवी) एवढंच दिसलं. बाळ नाही, ठोके नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता काही सांगता येत नाही, १२ सप्टेंबरला या. रक्त गेलेलं नाही, ओटीपोटात थोडं ओढल्यासारखं होतं. शेजारच्या वहिनी म्हणतात, ठोकेच नाहीत तर ठेवून काय उपयोग, क्युरेटिंग करून मोकळी हो. सासूबाईंना देवीकडे कौल लावायचाय. चवथीला (गणेशचतुर्थीला) सगळे सत्तरी तालुक्यातल्या मूळघरी जमणार. मला झोप नाही. धड रडताही येत नाही, कारण कशासाठी रडायचं तेच ठरत नाही. बारा दिवस मी काय करू?*

(हे उत्तर पत्रलेखिकेला चवथीआधीच कळवलं होतं. तिच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने इथे देत आहोत.)

सगळ्यात आधी तुझ्या पत्रातली एक तारीख घेऊ. तुझे मिस्टर १ ऑगस्टला घरी आले. म्हणजे त्याच्या आधी दिवस राहणं शक्यच नाही. डॉक्टर गर्भाचे आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, आणि त्या हिशेबात पाळी २८ दिवसांची आणि बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटलं असं धरलेलं असतं. तुझ्या बाबतीत तो दिवस येतो २३-२४ जुलै. तेव्हा तुझे मिस्टर भर समुद्रात होते!

पाळी ३८-४० दिवसांनी येत असेल तर बीज सुटतं तेही उशिरा, पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. तुझा हिशेब मांडला तर ३ ते ५ ऑगस्टच्या सुमारास. १५ ऑगस्टची टेस्ट निगेटिव्ह आली तेही याच्याशी जुळतं. पाळीच्या तारखेचा हिशेब खरा असता तर त्या दिवशी पाच आठवडे होऊन गेले असते आणि रेषा बहुधा स्वच्छ उठली असती. तेव्हा ३१ ऑगस्टला तुझे सात आठवडे झालेच नव्हते. पावणेसहा, फार तर सहा.

आतून केलेल्या सोनोग्राफीत सॅक दिसते पाच आठवड्यांच्या आसपास, योक सॅक साधारण साडेपाचला, आणि गर्भ व त्याचे ठोके सहाव्या आठवड्याच्या सुमाराला. दोन-चार दिवस इकडेतिकडे होतात. तुझ्या सोनोग्राफीत जे दिसलं ते पावणेसहा आठवड्यांना शोभण्यासारखं आहे. सात-साडेसातला मात्र ते काळजीचं ठरलं असतं.

हे तू डॉक्टरांना सांगितलंस का? मला शंका आहे. प्रसूतिविभागात नर्स म्हणून काम करताना मी हे फार पाहिलंय. शेवटची पाळी कधी, असं विचारलं की बाई तारीख सांगते आणि गप्प बसते. पाळी लांबते, नवरा तेव्हा गावात नव्हता, हे पुढचं सांगायचं राहून जातं. शेजारच्या खुर्चीत सासू असली तर राहतंच. उद्या दवाखान्यात फोन कर आणि तीन गोष्टी केसपेपरवर लिहून घ्यायला सांग: पाळी किती दिवसांनी येते, मिस्टर कधी आले, आणि दोन्ही टेस्टच्या तारखा.

आता उलट बाजू. मी तुला 'सगळं छान होणार' असं म्हणणार नाही, कारण ते मला माहीत नाही. तुला दिसलं तेच चित्र टिकणाऱ्या गर्भाचंही असतं आणि पुढे न वाढणाऱ्या गर्भाचंही. एका सोनोग्राफीत त्यातला फरक कळत नाही. डॉक्टरांनी काही लपवलेलं नाही. त्यांना जेवढं दिसलं तेवढंच त्या बोलल्या, आणि न दिसलेलं बोलल्या नाहीत याबद्दल मला तरी त्यांचं कौतुक वाटतं. एक गोष्ट मात्र या सोनोग्राफीने नक्की केली, तिच्याकडे तुझं लक्ष गेलेलं दिसत नाही. सॅकच्या आत योक सॅक दिसली, म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे. नळीत अडकल्याची भीती बहुतेक गेली. ही लहान गोष्ट नव्हे.

तर मग बारा दिवस कशाला? पडद्यावर ठोके दिसले की प्रश्न तिथेच मिटतो, दुसरा पुरावा लागत नाही. पण 'ठोके नाहीत' असं म्हणायचं तर 'अजून नाहीत' ही शक्यता आधी पूर्ण खोडावी लागते, आणि ती खोडायला दिवस जाऊ द्यावे लागतात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या सोनोग्राफीतज्ज्ञांनी यासाठी निकष ठरवले आणि पुष्कळ ठिकाणी आज तेच पाळले जातात. सॅक २५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी असून आत गर्भ नाही, किंवा गर्भ ७ मिलिमीटर किंवा मोठा असून ठोके नाहीत, तरच गर्भ गेला असं खात्रीने म्हणायचं. तुझी सॅक १२ची, या मापांपासून बरीच लांब. तिसरा निकष तुझ्या कामाचा. आधीच्या सोनोग्राफीत योक सॅक दिसली असेल, तर किमान ११ दिवस जाऊनही ठोके असलेला गर्भ दिसत नाही तेव्हाच निदान करायचं. योक सॅकही दिसली नसती तर हीच मुदत दोन आठवड्यांची. ३१ ऑगस्टपासून १२ सप्टेंबर म्हणजे बारा दिवस. तुझ्या डॉक्टरांनी अकरावर एक दिवस धरून तारीख काढली आहे, अंदाजपंचे दिलेली नाही. त्या दिवशी मिळेल ते उत्तर पक्कं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

ब्रिटनमध्ये किमान सात दिवसांनी पुन्हा बघतात, हे तुला गुगलवर सापडलंच असेल. सात दिवसांनी नेमकी चवथ. आणि समज, त्या दिवशी कुणी सोनोग्राफी करून दिली आणि ठोके दिसले नाहीत, तर परत 'थोडं थांबा' हेच ऐकायचं. मग चवथही गेली आणि उत्तरही नाही.

हे आकडे पूर्वी इतके कडक नव्हते. अमेरिकेत १६ मिलिमीटरची रिकामी सॅक किंवा ५ मिलिमीटरचा ठोके नसलेला गर्भ दिसला की निदान होत असे. २०१० मध्ये आयर्लंडमध्ये उघडकीला आलं की 'गर्भ गेला' असं सांगितलेल्या काही बायकांचं बाळ प्रत्यक्षात जिवंत होतं. तिथे देशपातळीवर चौकशी झाली. २०११ मध्ये ब्रिटननेही आपली मापं वाढवली. शेजारच्या वहिनींचा सल्ला मी या जागी ठेवून बघते. वहिनी वाईट नाहीत, त्यांच्या परीने तुझी सुटका बघतायत. पण ३१ ऑगस्टच्या रिपोर्टवर क्युरेटिंग करून घेणं म्हणजे उत्तर यायच्या आधी पेपर फाडणं. तसा सल्ला कुणी डॉक्टरने दिला तरी आधी दुसऱ्या ठिकाणी सोनोग्राफी करून घे. एरवी मात्र मधल्या दिवसांत या सेंटरवर, त्या सेंटरवर जाऊ नकोस. मशीन बदललं, हात बदलला की एक-दोन मिलिमीटर असेच कमी-जास्त येतात, आणि तुझ्या आत्ताच्या मनःस्थितीत त्या दोन मिलिमीटरांचं काय होईल ते मी सांगायला नको. १२ तारखेला मात्र 'आतूनच करा' असं स्वतःहून सांग. एवढ्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही. आतून केल्याने गर्भाला इजा होत नाही.

बीटा एचसीजी (रक्तातल्या गर्भाच्या हार्मोनची तपासणी) रोज करावा का, असं तू विचारलं नाहीस, पण कुणी ना कुणी सुचवेलच. गर्भाशयात योक सॅक दिसल्यावर त्या आकड्यापेक्षा सोनोग्राफी जास्त सांगते. दोन दिवसांत आकडा दुप्पट झालाच पाहिजे हेही खरं नाही, चांगल्या गर्भातही तो त्याहून सावकाश वाढू शकतो. गर्भ टिकण्याच्या, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या हार्मोनच्या इंजेक्शनांबद्दलही तेच. ब्रिटनमध्ये ४,००० वर बायकांवर केलेला प्रोजेस्टेरॉनचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. फायदा दिसला तो ज्यांना रक्तस्राव होत होता आणि ज्यांचा आधी गर्भपात झाला होता, त्यांच्यात. तू यातल्या कशातच बसत नाहीस. डॉक्टरांनी दिलं असेल तर घे, शेजाऱ्यांनी सुचवलं म्हणून मागू नकोस. फॉलिक ॲसिड चालू ठेव. आणि खाटेवर पडून राहिल्याने गर्भ टिकतो याला आधार नाही. ऑफिसला जा. आकड्यांच्या कामात डोकं गुंतलं तर दिवस निदान दुपारपर्यंत तरी सरकतो.

(तुझ्यासारख्याच अवस्थेतली दुसरी कुणी हे वाचत असेल आणि तिच्या सोनोग्राफीत गर्भाशयात काहीच दिसलं नसेल, तर वरचं तिला लागू नाही. टेस्ट पॉझिटिव्ह आणि गर्भाशय रिकामं असेल तर ४८ तासांच्या अंतराने बीटा एचसीजी करून डॉक्टरांच्या नजरेखालीच राहायचं. पोटात एका बाजूला जोराची कळ, खांद्याच्या टोकाला दुखणं, घेरी येणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन. नळीतला गर्भ फुटला तर वेळ फार थोडा असतो.)

कौलाचं म्हणशील तर सासूबाईंना जाऊ दे. त्यांनाही काहीतरी करावंसं वाटतंय आणि त्यांच्या हातात तेवढंच आहे. आंगवण (नवस) केली तर तीही करू दे. तू मात्र सोबत जाऊन समोर बसू नकोस. देवीवरची उजवी पाकळी पडली तर ठीक, पण डावी पडली तर ती तुझ्या डोळ्यांपुढून १२ तारखेपर्यंत हलणार नाही. 'माझ्या वतीने तुम्ही हात जोडा, कौल काय आला ते मला १२ तारखेनंतर सांगा' असं त्यांना गोड शब्दांत सांग. नाही ऐकलं तर मिस्टरांकडून सांगव.

चवथीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. मूळघरी वीस-पंचवीस माणसं, बायका सगळ्या स्वयंपाकघरात, कुणी पातोळ्या करतंय, कुणी खतखत्याची भाजी चिरतंय, आणि कुणीतरी तुझ्याकडे बघून विचारणारच, 'मगे, काय विशेष?' त्याला एक ठरलेलं उत्तर आधीच तयार ठेव. 'पित्त झालंय, डॉक्टरांनी जड उचलू नको म्हटलंय' एवढं पुरे. खोटं बोलल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. सांगायचं कुणाला, याला माझा एकच निकष आहे. १२ तारखेला वाईट बातमी आली तर जिला तू ती आपणहून सांगशील, तिलाच आत्ता सांग. बहुतेक ती तुझी आईच असेल. तिला अजून सांगितलं नाहीस असं पत्रावरून वाटतं. सांग. तिला त्रास होईल म्हणून तू थांबली असशील, पण नंतर कळलं की मुलीने हे एकटीने सोसलं, तर त्याचा त्रास तिला जास्त होईल.

जायचंच असेल तर जा, पण तयारीने. सत्तरीत पाऊस, मोबाईलला रेंज नाही, आणि सगळ्यांच्या गाड्या एकामागे एक लावलेल्या. तुमची गाडी सगळ्यात बाहेर राहू दे. रात्री गाडी कोण काढणार ते आधी ठरव. मोठे पॅड, सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद पर्समध्ये ठेव. रक्तगट निगेटिव्ह असेल तर रक्तस्राव झाल्यास अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे डॉक्टरांना उद्याच्याच फोनवर विचारून घे. थोडा तपकिरी डाग दिसला म्हणजे सगळं संपलं असं नाही. पहिल्या तीन महिन्यांत साधारण चारातल्या एकीला थोडंफार रक्त जातं आणि त्यांतल्या कितीतरी जणींची बाळंतपणं पुढे सुखरूप होतात. डॉक्टरांना फोन करून विचार. पण तासाला दोन पॅड भिजतायत आणि असं दोन तास चाललंय, घेरी येतेय, कळ सहन होत नाही किंवा ताप आहे, तर देवघरात गणपती आहे, लोक काय म्हणतील, असला विचार करू नकोस. सरळ निघा. जवळ वाळपईचं सरकारी इस्पितळ आहे, पुढे म्हापशाचं जिल्हा इस्पितळ किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज). गाडी नसेल तर १०८. सुयेर-सुतकाचं काय ते मोठी माणसं मागाहून बघतील.

आता रात्रीचं. दर वेळी बाथरूमला गेल्यावर टिश्यू निरखून बघणं, छाती अजून दुखते का ते दाबून बघणं, आज मळमळलं नाही म्हणून घाबरणं, हे तू करत असणार. करू नको असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी तुला जमणार नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, मळमळ एक दिवस कमी, एक दिवस जास्त असतेच, त्यातून कुठलाच निकाल काढता येत नाही. फोन मात्र रात्री दहाला दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. रात्री दोन वाजता '१२ मिमी सॅक बाळ दिसत नाही' असं शोधलं की समोर येतात त्या कुणा अनोळखी बाईच्या आयुष्यातल्या गोष्टी. तिची पाळी किती दिवसांची, तिचा नवरा कधी घरी आला होता, यातलं तिथे काहीच लिहिलेलं नसतं.

'मन आनंदी ठेव, बाळावर परिणाम होतो' असं जो कोणी म्हणेल त्याच्याकडे दुर्लक्ष कर. मला हा सल्ला निर्दय वाटतो. आधीच घाबरलेल्या बाईला घाबरल्याबद्दल दोषी ठरवायचं! सुरुवातीच्या गर्भपातांपैकी साधारण निम्मे गुणसूत्रांतल्या चुकीमुळे होतात, आणि ती चूक बहुतेक वेळा गर्भ धरतानाच होऊन गेलेली असते. तू रडलीस, स्कूटर खड्ड्यात आपटली, पपई खाल्लीस, माटोळीचं सामान उचललंस, यातल्या कशाने ती होत नाही. रड यायला लागली तर रड. कशासाठी ते ठरलेलं असायलाच हवं असं काही नाही.

पण सलग काही रात्री डोळा लागला नाही, छातीत धडधडून श्वास कोंडायला लागला, किंवा आपण नसलेलोच बरं असं मनात आलं, तर १२ तारखेपर्यंत रेटू नकोस. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, रात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. बांबोळीला मनोरुग्ण इस्पितळ आहे. तिथे गेलं की माणूस वेडा ठरतो ही समजूत आता तरी सोडायला हवी.

१२ तारखेला मिस्टर सोबत असू देत, सासूबाई घरी. प्रश्न मिस्टरांनी लिहून न्यावेत, कारण टेबलावरून उठल्यावर तुला काही आठवणार नाही. सॅकचं माप, गर्भाचं माप आणि ठोके हे तिन्ही रिपोर्टवर लिहिलेले आहेत ना ते तिथेच बघा. ठोके दिसले तर ती तारीख धरून आठवडे नव्याने मोजून घ्या, पाळीची तारीख आता विसरा. ठोके नाहीत असं ठरलं, तरी त्याच दिवशी काही करून टाकायची घाई नसते. आपोआप होऊ देणं, गोळ्या घेणं, व्हॅक्युमने गर्भाशय साफ करून घेणं, हे तिन्ही मार्ग असतात. रक्त फार जात नसेल आणि ताप नसेल तर घरी येऊन, जेवून, झोपून, दुसऱ्या दिवशी ठरवलं तरी चालतं. तुझ्या कंपनीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, डॉक्टरांचा दाखला लागतो. हिशेबाच्या टेबलावर ही रजा बहुतेकांना माहीतच नसते, म्हणून लिहिलं.

मिस्टरांबद्दल तू एकच वाक्य लिहिलंस. ते काही बोलत नसतील तर त्यांना काही वाटत नाही असं समजू नकोस. एकदा विचारून बघ, तेही रात्री जागे असतील. बोटीवर परत जायची तारीख चवथीनंतरची असणारच. निकाल काहीही लागला तरी त्यानंतरचे आठ-दहा दिवस त्यांनी घरी असायला हवं. तेव्हा एजंटला आजच फोन करून घरी आजारपण आहे एवढंच सांगा आणि तारीख पुढे ढकलता येईल का ते विचारा. ऐन वेळी विचारलं तर तो नाहीच म्हणेल.